एच४ हेडलाइटमध्ये झेनॉन बसवण्याआधी: वायरिंग, प्रोजेक्टर आणि फोकस

प्रश्न असा आहे: सोलापूरहून आठवड्यातून दोनदा रात्री बार्शीला आणि महिन्यातून एखाद वेळा पुण्याला जाणं होतं. गाडी दहा वर्षांची हॅचबॅक, एच४ बल्ब, साधा रिफ्लेक्टर. हंगामात उसाच्या ट्रॉल्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात. दुकानदार म्हणतो, ६००० केल्विनचा ५५ वॉटचा झेनॉन किट तासाभरात बसवून देतो. घ्यावा का, आणि घेतला तर फोकस कसा लावायचा?

तुमच्या आत्ताच्या रिफ्लेक्टरमध्ये हा किट बसवू नका. झेनॉन चांगला आहे, पण तो त्याच्यासाठी घडवलेल्या दिव्यात. कारण कळण्यासाठी एच४ बल्बच्या आत काय असतं ते पाहावं लागेल.

एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात, अप्परचं ६० वॉटचं आणि डिपरचं ५५ वॉटचं. डिपरच्या फिलामेंटखाली चमच्याच्या वाटीसारखा धातूचा एक छोटा आडोसा असतो. त्यामुळे डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. त्या वाटीची एका बाजूची कड १५ अंशांनी उतरती कापलेली असते. भिंतीवर डिपर पाडला की उजवीकडे आडवी रेष दिसते आणि मध्यापासून डावीकडे तीच रेष वर चढते, ती या कडेमुळे. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून समोरच्याकडची उजवी बाजू खाली दाबलेली आणि आपल्या कडेची डावी बाजू उचललेली. सगळी रचना मिलिमीटरच्या हिशेबावर उभी असते. फिलामेंट जागेवरून हललं की झोतही हलतो.

झेनॉन बल्बमध्ये फिलामेंटच नसतं. दोन इलेक्ट्रोडमध्ये सुमारे ४ मिलिमीटरच्या अंतरात वीज उडते आणि झेनॉन वायू व धातूंचे क्षार पेटून प्रकाश देतात. ही ठिणगी थोडी कमानीसारखी वाकलेली असते आणि तिची दोन टोकं सर्वांत प्रखर असतात. फिलामेंटचं तसं नसतं, ते लांबीभर जवळजवळ सारखं उजळतं. किटमध्ये हाच बल्ब एच४ च्या बुडावर चिकटवलेला असतो आणि अप्पर-डिपरसाठी एक लोहचुंबक त्याला पुढेमागे सरकवतो. डिपरची वाटी काही किटमध्ये नसते, काहींमध्ये नावापुरती असते. त्यातून ३५ वॉटच्या चांगल्या झेनॉनचा प्रकाश साधारण ३२०० ल्युमेन, तर एच४ डिपरचा प्रमाणित प्रकाश १००० ल्युमेन. तिप्पट प्रकाश आडोशाशिवाय मोकळा सोडला की त्यातला मोठा वाटा रेषेच्या वर उडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ५५ वॉटच्या किटमध्ये हा प्रकार आणखी वाढतो. त्यात होल्डर आणि रिफ्लेक्टरवरची उष्णताही वाढते.

दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेल्या बार्शी रोडवर समोरच्याचे डोळे दिपले की तो तुमच्याच दिशेने येत असतो, हे आधी लक्षात घ्या. शिवाय किट बसवलेल्या गाडीत चालकाला वाटतं की सगळं उजळलं. प्रत्यक्षात गाडीसमोरचे पहिले दहा-पंधरा मीटर भगभगीत होतात, त्या उजेडाने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. ट्रॉली लांबच असते.

कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असला पाहिजे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दिव्याचं खोकं उघडून आत वेगळा प्रोजेक्टर, म्हणजे लेन्सवाला दिवा, बसवणं हाही बदलच ठरतो. पुढे त्याची रीत सांगितली आहे, पण हे जाणूनच निर्णय घ्या.

ट्रॉली उशिरा का दिसते, ते आकड्यांत बघा. तुमच्या हेडलाइटचा मध्य जमिनीपासून ६६ सेंटिमीटरवर आहे असं धरू. डिपरची रेष १.२ टक्के खाली लावलेली, म्हणजे दर १० मीटरला १२ सेंटिमीटर उतरणारी. मग ती रेष ५५ मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ६५ किलोमीटर वेगाने, कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंदात ब्रेकवर पाय गेला तर गाडी थांबायला साधारण तेवढंच अंतर लागतं. ताशी ८० ला सुमारे ७५ मीटर लागतात. म्हणजे डिपरवर ८० ने चाललात तर बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि इथे झेनॉन मदत करत नाही. रेष कुठे टेकते हे दिव्याची उंची आणि उतार ठरवतात. बल्ब कोणताही लावा, ५५ मीटरचे ५५ मीटरच राहतात. झेनॉनने रेषेखालचा भाग जास्त उजळ आणि रुंद होतो, रस्त्याच्या कडा, वळणं आणि साइडपट्टी नीट दिसते. त्याचा खरा फायदा एवढाच, आणि तो लहान नाही. उलट रेष नुसती अर्धा अंश खाली गेलेली असेल तर ती ५५ ऐवजी ३२ मीटरवर टेकते. जुन्या गाड्यांत हे सर्रास आढळतं, आणि मग लोक बल्बला दोष देतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी काच, मग वीज, मग फोकस. एवढं झाल्यावर रात्री एक फेरी मारा. त्यानंतरही हवा असेल तर प्रोजेक्टरसह झेनॉन.

काच: आजच्या हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक प्लास्टिक, आणि सोलापूरच्या उन्हात तिच्यावरचा संरक्षक थर लवकर जातो. पिवळट, धुरकट काच प्रकाश विखुरते, त्यामुळे लांबचं दिसत नाही आणि समोरच्याला चमकही जास्त लागते. टूथपेस्टने घासणं चार दिवसांचं काम आहे. नीट करायचं तर पाण्यासह ८००, मग १२००, २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. नंतर पॉलिशिंग कंपाउंड, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा कोट टाळलात तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडेल. काचेला अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावू नका, तडे जातात. आतला रिफ्लेक्टर काळवंडला किंवा सोलला असेल तर त्याला इलाज नाही, दिवाच बदला. आतून फडक्याने पुसायला गेलात तर उरलेला चांदीसारखा थरही निघून येतो.

वीज: इथेच सर्वांत जास्त प्रकाश वाया जातो आणि इथेच कोणी बघत नाही. इंजिन चालू, डिपर चालू. मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, मग बल्बचा कपलर लावलेला असताना त्याच्या मागच्या बाजूने पिन टोचून बल्बवर मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.२ असं काही दिसलं तर पावणेदोन व्होल्ट स्विच, बारीक वायर आणि खराब अर्थिंगमध्ये गेले. हॅलोजनचा, म्हणजे एच४ सारख्या फिलामेंटच्या बल्बचा, प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. १३.२ व्होल्टला बल्बने १००० ल्युमेन द्यायचे असतात, १२.२ ला तो जेमतेम ७६० देतो. तोच बल्ब १३.५ वर आणला तर १२.२ च्या तुलनेत प्रकाश सुमारे ४० टक्के वाढतो, आणि बल्ब तोच राहतो. कुठे पडतंय ते शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं बल्बच्या प्लसवर ठेवा, मग तसंच मायनसला मायनस. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको.

उपाय म्हणजे रिले वायरिंग. रिले म्हणजे स्विचच्या थोड्या करंटने चालणारा आणि बल्बला बॅटरीचा करंट थेट देणारा खटका. दोन ३० अँपिअरचे रिले, एक डिपरला, एक अप्परला. बॅटरीच्या प्लसपासून हाताच्या अंतरात प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज. मुख्य वायर ४ चौरस मिलिमीटर, रिलेपासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून अर्थपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर. रिलेच्या ३० नंबरच्या पायावर बॅटरी, ८७ वर बल्ब, ८५ आणि ८६ वर गाडीच्या मूळ कपलरमधून येणारा स्विचचा करंट आणि अर्थ. मूळ दोन कपलरपैकी एकच रिले चालवायला वापरायचा, दुसरा टेप करून बांधून ठेवायचा. होल्डर सिरॅमिकचा घ्या. अर्थ बॉडीला देताना रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वर ग्रीस लावा. अर्थची वायर बारीक ठेवली तर प्लसची जाड वायर फुकट गेली.

एक खबरदारी: काही जपानी वंशाच्या गाड्यांत स्विच प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो. लाइट बंद असताना एच४ कपलरच्या सामाईक पिनवर १२ व्होल्ट दिसले तर तुमची गाडी त्या प्रकारातली. मग रिलेची कॉइल सामाईक प्लस आणि स्विचच्या पिनमध्ये जोडायची. हे न पाहता तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा संच, लावला तर रिले ओढतच नाही किंवा अप्परचा निळा दिवा उलटसुलट वागतो.

रिले बसवला म्हणून १००/९० वॉटचे बल्ब घालू नका. होल्डर काळा पडतो, रिफ्लेक्टरचा थर सुटतो, काच तापते. रस्त्यावर ते चालवायला परवानगीही नाही. ६०/५५ मध्येच चांगल्या कंपनीचा, जास्त प्रकाशाचा बल्ब घ्या. त्याचं आयुष्य थोडं कमी असतं, ते मान्य करायचं. निळसर रंगाचे हॅलोजन नकोत, तो रंग म्हणजे काचेवरची गाळणी, ती प्रकाश खाते. बल्बच्या काचेला बोट लागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच लावा.

आता प्रोजेक्टर. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने प्रोजेक्टर हेडलाइट दिला असेल तर पहिली पसंती त्याला. माप जुळतं, काच-रिफ्लेक्टर नवे येतात, झोताची जबाबदारी कंपनीची असते. कपलर वेगळा निघाला तर छोटी जोडवायर करावी लागते. तो पर्याय नसेल तर तुमच्याच दिव्यात बाय-झेनॉन, म्हणजे एकाच बल्बने अप्पर आणि डिपर दोन्ही देणारा, प्रोजेक्टर बसवतात. प्रोजेक्टरमध्ये लेन्सच्या मागे धातूची पट्टी, म्हणजे शटर, असतं. प्रकाशाची वरची कड ते शटर कापतं, म्हणून बल्ब प्रखर असूनही रेषेच्या वर अंधार राहतो. अप्पर मारला की चुंबक शटर खाली पाडतो. कारमध्ये झेनॉन पहिल्यांदा १९९१ मध्ये बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये आला, आणि तेव्हापासून दिवा आणि बल्ब एकमेकांसाठी घडवायचे हाच नियम आहे. प्रोजेक्टरचा बल्ब डी२एस, रिफ्लेक्टरचा डी२आर. डी२आर वर तर काळे पट्टे रंगवलेले असतात, नको तिकडचा प्रकाश अडवायला.

प्रोजेक्टर घेताना लेन्सच्या मापाआधी एक गोष्ट विचारा: तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे का. बाजारात त्याला आरएचडी म्हणतात, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाड्यांचा. भारत, जपान, ब्रिटनसाठीचा चालतो. युरोप किंवा अमेरिकेच्या रस्त्यांसाठीचा घेतलात तर रेषेची चढती बाजू उजवीकडे जाईल, म्हणजे नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत. फोकसच्या स्क्रूने ते सुधारत नाही. अडीच इंची लेन्सचा छोटा प्रोजेक्टर एच४ च्या भोकातून आटे असलेल्या दांड्याने आणि नटने बसतो, म्हणून तुमच्या गाडीला तोच सोयीचा. लेन्सचं तोंड आणि बाहेरची काच यात किमान एक-दीड सेंटिमीटर जागा उरते का, ते काच चिकटवण्याआधी मोजा.

रंग ४३०० केल्विन घ्या. कंपनीच्या झेनॉनचा रंग साधारण हाच असतो, किंचित पिवळट पांढरा. ६०००, ८००० च्या निळसर बल्बमध्ये त्याच वॉटला प्रकाश कमी मिळतो, ओला डांबरी रस्ता काळा ठिक्कर दिसतो, आणि समोरच्याला निळी छटा जास्त खुपते. ३५ वॉट पुरे, ५५ ची गरज नाही.

दिवा काढायला बंपर सोडवावा लागतो. बंपर आणि फेंडरवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी घडी करून अंथरा, रंगाला ओरखडा येत नाही. बॅटरीचा मायनस आधी काढा. बल्ब, रबरी टोप्या, स्क्रू, क्लिपा सगळं काढल्यावर दिवा ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांना आठ-दहा मिनिटं ठेवला की काळा ब्यूटाइल चिकटा मऊ होतो आणि काच सुटते. घाईने ओढू नका, नाहीतर काचेचे कान तुटतात. पुन्हा गरम करून दोन-तीन टप्प्यांत काढा. काही दिव्यांत हा चिकटा कडक होणारा असतो, तो उष्णतेने सुटतच नाही. तसं दिसलं तर तिथेच थांबा.

प्रोजेक्टर बसवला की काच लावण्याआधी दिवा गाडीवर तात्पुरता लावा, बल्ब पेटवा आणि भिंतीवर रेष आडवी आहे का ते पाहा. नट आवळताना प्रोजेक्टर थोडा फिरतो आणि रेष तिरपी होते. हे काच चिकटवल्यावर लक्षात आलं तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. नंतर जुना चिकटा पूर्ण खरवडून नवी ब्यूटाइल दोरी घाला, पुन्हा गरम करून क्लिपा दाबा. व्हिनेगरसारख्या वासाचं साधं सिलिकॉन आत वापरू नका, त्याच्या वाफेने लेन्स आणि रिफ्लेक्टरवर कायमचा धूसर थर येतो. मागच्या बाजूची हवेची नळी किंवा टोपी बुजवू नका. दिवा श्वास घेतो. नळी बुजली की पहिल्याच पावसात आत पाणी जमतं.

बॅलास्ट म्हणजे १२ व्होल्टवरून ठिणगी पेटवणारा आणि नंतर प्रवाह सांभाळणारा डबा. पेटवताना तो २०,००० व्होल्टच्या पुढे जातो. चालू असताना बल्ब-कपलरला हात लावू नका, बंद केल्यावरही काही मिनिटं थांबा. बॅलास्ट रेडिएटर आणि सायलेन्सरपासून लांब, बॉडीच्या पत्र्याला बोल्टने, वायरीचं तोंड खाली करून लावा. मे महिन्यात बॉनेटखाली बॅलास्ट आधीच भाजून निघतो, तो नुसता केबल टायने लटकवला तर उष्णता जायला वाट राहत नाही. उच्च दाबाची वायर वाढवू नका आणि सेन्सरच्या वायरींसोबत बांधू नका. सुरुवातीचे काही सेकंद प्रत्येक बॅलास्ट भरपूर करंट ओढतो, मग तीन-साडेतीन अँपिअरवर स्थिरावतो. म्हणून इथेही रिले, प्रत्येक बॅलास्टला वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ ची वायर. एक दिवा उशिरा पेटणं किंवा लुकलुकणं, यात बहुतेक वेळा बल्ब निर्दोष असतो. अर्थ तपासा, मग पेटतानाचं व्होल्टेज. दिवा गुलाबी-जांभळा होऊन विझतो आणि पुन्हा पेटतो, तर बल्ब संपला. बदलताना जोडीने बदला, नाहीतर दोन रंग दिसतात. डी२ बल्बमध्ये थोडा पारा असतो, फुटला तर जागा हवेशीर ठेवा.

झेनॉन पेटून पूर्ण उजेडाला यायला काही सेकंद लागतात. दिवसा ओव्हरटेकच्या इशाऱ्यासाठी त्याला सारखं पेटवलं तर आयुष्य घटतं. जागा आणि वायरिंग परवानगी देत असेल तर दिवसाच्या इशाऱ्यासाठी अप्परचा वेगळा हॅलोजन ठेवणं बरं.

फोकस लावणं

हॅलोजन असो वा झेनॉन, यापुढचं दोघांना सारखंच लागू आहे, आणि हे टाळलं तर आधीचं सगळं वाया.

गाडी तयार करा: चारही टायरमध्ये दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, डिकी रिकामी, चालकाच्या जागी माणूस किंवा ७५ किलो वजन, डॅशबोर्डवरची हेडलाइट लेव्हलची चकती शून्यावर. गाडी पुढून-मागून दोन-चारदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन बसेल. वजनाचा प्रश्न किरकोळ नाही. चाकांमधलं अंतर २.४ मीटर असलेल्या गाडीत डिकीतल्या सामानाने मागची बाजू ५ सेंटिमीटर बसली की झोत सुमारे २.१ टक्के वर उचलला जातो. १.२ टक्के खाली लावलेली रेष ०.९ टक्के वर जाते, आणि ५० मीटरवर ती जमिनीपासून १११ सेंटिमीटरवर असते, कारमधल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. लग्नाला घरची पाच माणसं आणि बॅगा घेऊन निघालात तर चकती खाली फिरवण्याचं कारण हे.

जागा सपाट हवी, आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गवंड्याची पाण्याची लेव्हल पाइप घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक भिंतीशी, दुसरं गाडीच्या पुढच्या चाकाशी धरा. पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच असते. ती जमिनीपासून दोन्ही ठिकाणी मोजा, मागच्या चाकाशीही मोजा. गाडी सपाटीवर असून भिंतीशी जमीन १० सेंटिमीटर खाली असेल तर तुमचा फोकस जवळजवळ तेवढाच चुकला. पेट्रोल पंपाचं आवार किंवा अपार्टमेंटचं पार्किंग सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो.

गाडी भिंतीला अगदी जवळ, सरळ उभी करा. प्रत्येक हेडलाइटच्या मध्याची खूण भिंतीवर करा. बऱ्याच काचांवर त्यासाठी बारीक ठिपका असतो. त्या खुणेतून उभी रेष मारा, दोन्ही खुणा जोडणारी आडवी रेष मारा. मग गाडी सरळ मागे घ्या, काचेपासून भिंतीपर्यंत १० मीटर. आडव्या रेषेच्या १२ सेंटिमीटर खाली दुसरी रेष काढा. जागा कमी असेल तर ७.५ मीटरवर ९ सेंटिमीटर आणि ५ मीटरवर ६ सेंटिमीटर, पण जितकं लांब तितकं अचूक. दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर १.०, १.२ किंवा १.३ टक्के असं छापलेलं असेल तर तोच आकडा धरा. दिवा ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर साधारण १ ते १.५ टक्के हीच मर्यादा. उंच एसयूव्हीला, दिवा १ मीटरच्या वर असेल तर, १.५ ते २ टक्के.

अंधार पडल्यावर एक दिवा पुठ्ठ्याने झाका आणि दुसऱ्याचा डिपर लावा. पुठ्ठा काचेला टेकवून फार वेळ ठेवू नका. रेषेचा आडवा भाग खालच्या रेषेवर आला पाहिजे आणि जिथून ती डावीकडे चढायला लागते तो कोपरा त्या दिव्याच्या उभ्या रेषेवर. दिव्याच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खालीसाठी, एक डावी-उजवीसाठी. काहींना १० मिमीचा पाना लागतो, काहींना वरून फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पांढऱ्या नायलॉन गिअरमध्ये घालून फिरवायचा असतो. अर्धा-पाव फेरा करून भिंत बघा. जुना नायलॉन गिअर कडक झालेला असतो, जोर लावलात तर दात जातात आणि मग दिवाच बदलावा लागतो. शेवटचा फेरा आवळण्याच्या दिशेने संपवा, म्हणजे आट्यातला ढिलेपणा निघून जातो आणि खड्ड्यात फोकस हलत नाही.

दोन्ही दिवे झाल्यावर दोन्ही उघडे करा. भिंतीवर दोन कोपऱ्यांमधलं अंतर आणि गाडीवर दोन दिव्यांमधलं अंतर एकच हवं. झोत आत वळवून एकत्र आणण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती चुकीची. त्याने मध्ये एक भगभगीत गोळा तयार होतो आणि कडा अंधारात जातात. एच४ आणि बाय-झेनॉनमध्ये अप्पर वेगळा लावायचा नसतो, डिपर बरोबर बसला की अप्परचा तेजस्वी भाग आपोआप वरच्या आडव्या रेषेजवळ येतो. तो तिथे आला नाही, खूप खाली किंवा बाजूला गेला, तर बल्ब होल्डरमध्ये तिरका बसला आहे किंवा क्लिप नीट लागलेली नाही. स्क्रूला हात लावू नका, आधी बल्ब काढून पुन्हा बसवा.

मग दोन तपासण्या. गाडीपुढे २५ मीटरवर एकाला पट्टी धरून उभं करा. १.२ टक्क्यांवर रेष तिथे जमिनीपासून सुमारे ३६ सेंटिमीटरवर, गुडघ्याखाली, दिसली पाहिजे. आणि नियम १०६ ची जागा: ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, डोळे दीड मीटरवर. तिथून डिपरकडे बघता आलं पाहिजे. डोळे मिटावेसे वाटले तर रेष चढलेली आहे. नुसता एक अंश वर गेला तरी १०० मीटरवर झोत १२० सेंटिमीटर उंचीवर पोचतो, म्हणजे थेट समोरच्या काचेत.

डावी चढती बाजू मात्र कमी करण्याच्या फंदात पडू नका. साइडपट्टीवरचा सायकलवाला, बैलगाडी, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर चालणारे वारकरी, कोजागिरीला तुळजापूरला पायी निघालेली माणसं, ही सगळी याच भागात आधी दिसतात. बार्शी रोडवर समोर कोणी नसेल तेव्हा अप्पर वापरा, समोरचा दिवा दिसताच डिपर करा, आणि डिपरवर असताना वेग ताशी ६५ च्या आत ठेवा. उसाच्या ट्रॉलीचं अंतर बल्बपेक्षा याने जास्त सुटतं.

फोकस पुन्हा तपासायची वेळ: शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा स्प्रिंग बदलल्यावर, टायरचं माप बदलल्यावर, बंपरला धक्का लागल्यावर, आणि दरवर्षी गाळप सुरू होण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरात. भिंत घरची असेल तर त्या दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषा ऑइलपेंटने मारून ठेवा आणि चाकं जिथे उभी करायची तिथे फरशीवर दोन खुणा करा. पुढच्या वेळी सगळं काम पंधरा मिनिटांत होईल.